दीडशे ओळींचा पासवर्ड मॅनेजर आणि ‘बँकाही हेच वापरतात’

तिसरंगेट
परवा उद्यमबागकरांनी इथं आपल्या पासवर्ड मॅनेजरबद्दल, म्हणजे सगळे पासवर्ड एका मास्टर पासवर्डमागं कुलूपबंद ठेवणाऱ्या प्रोग्रामबद्दल, जे टाकलं त्यावर गप्प बसवेना. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी त्यांच्याच शब्दांत: ‘पासवर्ड मॅनेजरला वर्षाला पैसे कशाला मोजायचे? मी पायथनमध्ये दीडशे ओळींत स्वतःचा बनवलो, टर्मिनलवर, आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्यावर, चालतो. एईएस-२५६ कूटलेखन घातलोय, बँकाही हेच वापरतात. कोड फक्त माझ्याकडं, त्यामुळं हॅकरला कुठनं शिरायचं तेच कळणार नाही. फौंड्रीचं जीएसटी, मेल, बँक सगळं त्यात हाय. कुणाला पाहिजे तर सांगा, देतो.’ सोबत कोडचे फोटो, खाली अंगठ्यांची रांग.

कोड फक्त माझ्याकडं आणि मागेल त्याला देतो, हे एका दमात कसं बोलता येतं ते जाऊ दे. फोटोतला कोड वाचला. पहिल्याच ओळीत फर्नेट आहे, पायथनमधलं कूटबद्ध करायचं तयार साधन. फर्नेट एईएस-१२८ वापरतं. त्याची किल्ली २५६ बिटांची असते खरी, पण अर्धी एचमॅकला, म्हणजे मजकुरात फेरफार झालाय का ते दाखवणाऱ्या शिक्क्याला, जाते आणि उरलेल्या अर्ध्यानं मजकूर कूटबद्ध होतो. म्हणजे आपण काय वापरलंय तेच ठाऊक नाही आणि जाहिरात बँकांच्या नावानं. १२८ बिट पुष्कळ झाले, त्याबद्दल तक्रार नाही. उलट एईएस स्वतः जुळवत न बसता फर्नेट घेतलं, हेच त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

बोंब आहे ती त्याच्या खालच्या ओळीत. मास्टर पासवर्ड घेतला, एकदा शा-२५६ या हॅशमधून, म्हणजे उलटं न फिरवता येणाऱ्या गणितातून, काढला, झाली किल्ली. सॉल्ट, म्हणजे पासवर्डात मिसळायची वेगळी यादृच्छिक भर, नाही, आणि तेच गणित पुन्हा पुन्हा करायच्या फेऱ्या नाहीत. एखादं तगडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी शा-२५६ मोजतं. फाइल हातात आल्यावर एईएसशी कोण झटापट करील? तुमचा मास्टर पासवर्ड ओळखत बसतील. त्यासाठीच तर शा-२५६ वाल्या पीबीकेडीएफ२ ला, म्हणजे पासवर्डवरून किल्ली बनवायच्या पद्धतीला, आज सहा लाख फेऱ्या द्यायला सांगतात, आणि त्यासाठीच २०१५ साली स्पर्धेतून त्याच कामाचं आर्गॉन२ निवडलं गेलं. ते मुद्दाम मेमरी खातं, म्हणजे कार्डवर हजारो अंदाज एकदम चालवणं महागात पडतं.

नवा पासवर्ड बनवायला रँडम मॉड्यूल! पायथनच्या दस्तऐवजातच इशारा आहे की हे सुरक्षेसाठी वापरू नका, सीक्रेट्स मॉड्यूल घ्या. ३.६ पासून आहे ते.

आणि नोंद घालायची तऱ्हा तर बघाच. पासवर्ड आज्ञेच्या शेवटी टाइप करायचा. एंटर दाबलं की तो बॅशच्या हिस्टरीत, म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेल्या आज्ञांच्या नोंदीत, साध्या अक्षरांत. कूटबद्ध फाइल एका फोल्डरात आणि त्यातले सगळे पासवर्ड शेजारच्या फाइलीत उघडे.

कोड लपवून सुरक्षितता येत नाही हे केर्कहॉफ्स या कूटलिपीतज्ज्ञानं १८८३ मध्येच सांगून ठेवलंय. शिकायला बनवा, खुशाल बनवा. पण फौंड्रीचं बँक खातं त्यात?

उद्यमबागकर
चला, कुणीतरी कोड वाचला तरी. अंगठे देणाऱ्यांतल्या एकानंही उघडून बघितलेलं नव्हतं.

आता माझं ऐका. ज्यांच्याकडं ऑडिट, प्रमाणपत्रं, पगारी तज्ज्ञ, त्या लास्टपास या पासवर्ड मॅनेजरवाल्यांकडनं २०२२ ला ग्राहकांच्या तिजोऱ्यांचे बॅकअपच चोरीला गेले. साइटचे पत्ते तर कूटबद्धही नव्हते. डेबियन लिनक्सवाल्यांनी २००६ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या एक-दोन ओळी बंद केल्या, आणि २००८ पर्यंत त्यावर बनलेली किल्ली जेमतेम ३२ हजारांतली एक. कोड उघडाच होता की! कोण वाचत होतं? २०२४ चं एक्सझेड, फाइली दाबून लहान करायचं साधन, घ्या. माणसानं दोन वर्षं राबून भरवसा कमावला आणि मागचं दार बसवला. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचं एसएसएच अर्धा सेकंद उशीर का लावायलंय म्हणून एकानं खोदून बघितला म्हणून सापडलं.

माझी फाइल ऑफिसातल्या एका मशीनवर. इथं चोर आला तर तांबं उचलील, वॉल्टची फाइल कशाला नेतोय? लाखो लोकांचं एका जागी ठेवलं की हल्ला तिथं होतो. माझ्या एकट्यावर कोण ग्राफिक्स कार्ड तापवणार, मर्दा?

निपाणीचा_पेंग्विन
दोघंही दमा. टर्मिनलच पाहिजे तर ‘पास’ नावाचा मॅनेजर आहे, जीपीजी या कूटलेखनाच्या प्रोग्रामवर चालतो, शेल स्क्रिप्ट आहे, एका बैठकीत वाचून होतो. कीपासएक्ससी या तयार मॅनेजरलाही कमांड-लाइन आहे. परत चाक कशाला बनवायचं?

आणि उद्यमबागकर, ते ‘ऑफिसातलं मशीन’ म्हणजे विंडोजच ना? क्रॅक मारलेलं? आमच्याकडं तंबाखूच्या वखारीपासून चार्टर्ड अकाउंटंटपर्यंत सगळीकडं तेच. ॲक्टिव्हेटर चालवताना अँटीव्हायरस बंद करायचा, आणि मग एईएस किती बिटांचं यावर भांडायचं. ज्या मशीनवर दुसऱ्याचा प्रोग्राम ॲडमिन होऊन बसलाय तिथं तुमचा आर्गॉन२ काय करणार? तो कळा दाबतानाच वाचतोय.

उद्यमबागकर
उबुंटू लिनक्स हाय. बॅशची हिस्टरी नुसत्या विंडोजवर कुठनं आली असती? आणि तुमच्या पासमध्ये फाइलींची नावं उघडीच असतात. कुठल्या बँकेत खातं ते यादी बघून कळतंय. माझ्यात तेवढंही दिसत नाही.

निपाणीचा_पेंग्विन
नावांचं खरं आहे. त्याला वेगळी जोडणी मिळते. तरी तुमच्यापेक्षा बरा.

शहापूरची_थोरली
मला तुमच्या बिटांतलं फार कळत नाही, हिशेब बघते मी. माझ्या धाकट्या दिराचं मशीन शॉप होतं. त्यानंही असाच स्वतःचा प्रोग्राम लिहिलेला, कौतुकानं सगळ्यांना दाखवायचा. गेल्या पावसाळ्यात तो गेला. अचानक.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही त्याच्या खुर्चीत बसून काळ्या पडद्यावर एकेक टाकून बघत होतो. मुलीचं नाव, तिची जन्मतारीख, गाडीचा नंबर, कुलदैवत. दर वेळी इंग्रजीत तेच उत्तर, इनव्हॅलिड टोकन. जावेनं शेवटी कीबोर्ड बाजूला सारला. बँकेचं आणि जीएसटीचं कागदपत्रं देऊन, हेलपाटे घालून मार्गी लागलं. मेल मात्र गेली ती गेली. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज त्यात होती.

उद्यमबागकर, तुमचा मास्टर पासवर्ड घरात कुणाला माहीत आहे?

तिसरंगेट
ताई, वाचून वाईट वाटलं. पण हा काही प्रोग्रामचा दोष नाही. मास्टर पासवर्ड कुणालाच ठाऊक नसेल तर विकतच्यातही तेच होणार.

शहापूरची_थोरली
दोष आहे असं मी कुठं म्हटलं? कुणाला माहीत आहे, एवढंच विचारलं. आणि ‘तेच होणार’ असंही नाही. बिटवॉर्डन या मॅनेजरमध्ये पैसे भरणाऱ्यांना आपत्कालीन प्रवेशाची सोय आहे. तुम्ही ज्याचं नाव दिलंय त्यानं मागणी केली आणि ठरलेल्या दिवसांत तुम्ही नाकारली नाही, की त्याला उघडतं. वर्षाच्या पैशात हे येतं, म्हणून सांगितलं.

खानापूर_लोंढा
विषय जड झाला म्हणून एक हलका प्रश्न. मास्टर पासवर्ड मराठीत ठेवला तर? ‘दऱ्या मांडे टिपरी हंडा’ असे चार शब्द. कुठल्या रशियनाला मांडे माहीत असणार?

तिसरंगेट
मांडे माहीत असायची गरज नाही, यादी असली की झालं. फासे टाकून ७७७६ शब्दांच्या यादीतून चार उचलले तर साधारण ५२ बिट, म्हणजे दोनाच्या ५२ व्या घाताइतक्या शक्यता, होतात. सेकंदाला दहा अब्ज अंदाज धरले तर उद्यमबागकरांच्या एकाच शा-२५६ पुढं चार दिवसांत सगळे संपतात. सहा लाख फेऱ्या घातल्या की तेच चार दिवस सहा लाख पट. सहा शब्द घ्या म्हणजे प्रश्नच मिटला. पण शब्द फाशांनी निवडा. म्हण नको, अभंगाची ओळ तर नकोच, त्या याद्या आधी चालवतात.

चिकोडी_सर
खानापूरकरांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. माझा मास्टर पासवर्ड मराठीतच आहे. घरच्या कॉम्प्युटरवर लागतो, मोबाइलवर लागत नाही. अक्षर न अक्षर तेच. सायबर कॅफेत गेलो तर तिथं कीबोर्ड कन्नड नुडीचा, मराठी टाइप कशी करायची ते त्या पोराला माहीत नाही. अर्ज कन्नडमध्ये, ओटीपीचा मेसेज इंग्रजीत. मराठी माणसानं आपल्या घराला कुलूपही मराठीत लावायचं नाही काय?

निपाणीचा_पेंग्विन
सर, सायबर कॅफेत मास्टर पासवर्ड टाकायला गेला होतात?

चिकोडी_सर
प्रश्न तो नाही.

तिसरंगेट
प्रश्न तोच आहे, सर. पण तुमच्या पासवर्डात ऱ आहे का?

चिकोडी_सर
आहे. कसं ओळखलंत?

तिसरंगेट
आता झाली पंचाईत, पासवर्ड सांगू नका कुणाला. ‘दऱ्या’ हा शब्द दिसायला एक, पण कॉम्प्युटरच्या लेखी तीन तऱ्हांनी लिहिता येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या यादीत, ऱ ला स्वतंत्र जागा आहे. किंवा र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन तोच होतो. किंवा र, हलन्त आणि त्यापुढं एक न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट वेगळे, म्हणून किल्ली वेगळी. पहिले दोन एनएफसी या प्रमाणीकरणानं एक होतात. तिसरा होत नाही, एनएफसी त्या जोडचिन्हाला हात लावत नाही.

शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. बीक्रिप्ट, पासवर्डचा हॅश काढायचं एक साधन, ७२ बाइटच बघतं, पुढचं कित्येक ठिकाणी मुकाट्यानं सोडून देतं. म्हणजे जेमतेम २४ चिन्हं. सहा शब्दांतले शेवटचे एक-दोन असले काय नि नसले काय.

निपाणीचा_पेंग्विन
म्हणून सांगतो, रोमनमध्ये टाइप करा. संपलं.

चिकोडी_सर
हेच! कळत नाही म्हटलं की आपणच माघार घ्यायची. पाटीवर माघार, अर्जावर माघार, आता पासवर्डातही. २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तोवर काय रोमनमध्ये जगायचं?

उद्यमबागकर
सर, पासवर्ड कुणाला दिसतच नाही. त्याला पाटी लावायला नको, मोर्चा काढायला नको. सीमाप्रश्न इथं तरी नको आणूया.

चिकोडी_सर
तुम्हाला उद्यमबागेत बसून बोलायला काय जातंय.

तिसरंगेट
सरांचं एका बाबतीत पटतं. चूक सरांची नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे. देवनागरी स्वीकारायची तर आधी एकसारखी करून घ्यायला हवी, आणि हे बऱ्याच विकतच्यांनाही सुचत नाही. घ्या उद्यमबागकर, तुमच्या बाजूचा मुद्दा फुकटात दिला.

एक मात्र राहिलं. तुमचा प्रोग्राम मूळ फाइलवरच लिहितो. उद्यमबागेत दुपारी लाइट जाते ना? फाइल अर्धवट लिहून झाली आणि लाइट गेली, तर एचमॅक जुळणार नाही आणि सगळं एकदम गेलं. एक नोंद नव्हे, सगळं. तिथं हॅकरची वाट बघायला नको.

उद्यमबागकर
दोन दिवस गप्प होतो ते तुमचं ऐकून नव्हे, फर्नेसचं काम होतं.

सॉल्ट घातलो. आर्गॉन२ घातलो. रँडम काढून सीक्रेट्स घातलो. पासवर्ड आता ‘गेटपास’ या मॉड्यूलनं विचारतो, हिस्टरीत येत नाही. जुनी हिस्टरी पुसलो आणि त्यातले सगळे पासवर्ड बदलून आलो. तात्पुरत्या फाइलीत लिहून, डिस्कवर उतरवून, मग नाव बदलतो. सरांसाठी एनएफसी करतो आणि झेडडब्ल्यूजे काढून टाकतो. दीडशे ओळींचं पुराण झालं, तिसरंगेटांची कृपा.

बँक आणि मेल कीपासएक्ससीत हलवलो. ते तुमच्यामुळं नव्हे, ताईंमुळं. भावाला टर्मिनल येत नाही. मास्टर पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात लॉकरला ठेवलो, घरात सांगितलो. बाकीचं माझ्याच प्रोग्रामात राहणार, कुणी काही म्हणा.

तिसरंगेट
राहू दे. साखर कारखान्याच्या सभासद पोर्टलचा पासवर्ड कुणी नेला तर नेला.

शहापूरची_थोरली
पाकीट भावासमोर एकदा उघडून, त्यालाच टाइप करायला लावा. दिरानं पण एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ठेवलेलं होतं, ते ओ की शून्य आम्हाला आजवर कळलेलं नाही.

निपाणीचा_पेंग्विन
उद्यमबागकर, झेडडब्ल्यूजे नुसतं काढून चालत नाही. ते काढलं की ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं, र चा रफार चढतो. मोबाइलवरचा ऱ वेगळाच राहिला, सर परत बाहेर. आधी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असं दिसलं की त्याचा ऱ आणि हलन्त करा, मग उरलेली काढा.

उद्यमबागकर
हे कुठं लिहिलेलं असतं काय? का तुम्ही लोक पोटातनं काढता?

खानापूर_लोंढा
ळ चं पण असंच काही लफडं आहे का? म्हणजे मी बेळगाव घालणार होतो.

निपाणीचा_पेंग्विन
ळ ला काही होत नाही. पण बेळगाव घालू नका, या जिल्ह्यात निम्म्यांचा तोच असेल.