पॉलिमर क्लेची पहिली कार्यशाळा (बडोदा): कानातली शिकवणार आहेत, मला नैवेद्याचं ताट करायचंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अलकापुरीत येत्या रविवारी पॉलिमर क्लेची कार्यशाळा आहे, तिथे नाव नोंदवलंय. तीन तास, कानातल्यांचे दोन जोड, भाजून हातात देणार. नवरात्र जवळ आलं की बडोद्यात गरब्यासाठी हलक्या कानातल्यांना फार मागणी असते, त्यामुळे सध्या सगळीकडे कानातलीच शिकवतात. मला मात्र भातुकलीच्या मापाचं नैवेद्याचं ताट करायचं आहे. वरण-भाताची मूद, पुरणपोळी, अळूवडी, कोशिंबीर, पापड, मोदक, सगळं. पुढच्या वर्षी गौरींपुढच्या आराशीत मांडायचा विचार आहे.

शाडूची सवय आहे, घरचा गणपती मीच करते. पण ही क्ले हातात घेतलेली नाही. काही गोष्टी आधी कळल्या तर त्या तीन तासांचा जास्त उपयोग होईल.

कानातल्यांच्या वर्गातून ताटासाठी नेमकं काय उचलावं? बाईंना काय विचारावं, काय करून बघायला मागावं?

माझ्या बोटांचे सांधे सकाळी आखडतात. क्ले खूप मळावी लागते म्हणतात. झेपेल का?

आणि सगळ्यात मोठी अडचण ओव्हनची. घरात एकच ओटीजी आहे, त्यात नानखटाई होते आणि ती देवापुढेही जाते. सासूबाईंना त्यात दुसरं काही भाजलेलं चालणार नाही, आणि मलाही ते पटत नाही. वेगळा ओटीजी घेणं खरंच गरजेचं आहे का, की वाळवून काम भागेल?

नात चार वर्षांची आहे, तिच्या हाती हे पदार्थ लागणार हे धरूनच सांगा.

प्रतिसाद

ताई, वाळवून अजिबात भागणार नाही. नावात क्ले असली तरी ही माती नव्हे. मुळात पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लास्टिक, आणि ते मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर. यात पाणी नसतंच, म्हणून ती हवेवर सुकत नाही. उष्णतेने पीव्हीसीचे कण एकजीव होतात तेव्हा कडक होते. तुमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स महाविद्यालयातलं सिरॅमिक हजार अंशांच्या आसपास आणि त्याहून वर भाजतात, इथे काम ११० ते १३० अंश सेल्सिअसवर होतं. फिमो या ब्रँडच्या पाकिटावर ११० अंश, अर्धा तास असं असतं. प्रीमोला १३० अंश, दर ६ मिलिमीटर जाडीला अर्धा तास. ज्या कंपनीची क्ले त्याच पाकिटाचं ऐका.

दुकानात मागताना जपून. मोल्डइट हे दोन भाग मिसळून आपोआप कडक होणारं इपॉक्सी आहे, आणि एअर-ड्राय क्ले तिसरीच वस्तू. तिन्ही एकाच फळीवर ठेवलेली दिसतात.

वेगळा छोटा ओटीजी घ्याच. नुसतं सोवळं म्हणून सांगत नाही. लहान ओटीजीत तापणाऱ्या दांड्या जवळ असतात, बटणावर १३० लावलं तरी आत तापमान बरंच वर उडी मारतं. क्ले करपली तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो नाकाडोळ्यांना झोंबतो. ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवा, रिकामा ओव्हन आधी तापू द्या, ट्रे मधल्या खणात ठेवून वर फॉइलचं झाकण करा, खिडकी उघडी ठेवा. मायक्रोवेव्हवर भाजायचं नाही. क्लेला वापरलेलं लाटणं, सुरी, ट्रे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका.

नातीबद्दल: मोदक चार मिलिमीटरचे होणार. ते तिच्या हाती नकोतच, गिळले जातील. आरास काचेआड मांडा.

प्रतिसाद

काकू, मी कानातली करते, पण सुरुवात भातुकलीच्या पदार्थांनीच झाली, म्हणून ताटाबद्दल लिहिते.

भातुकलीत साधारण एकास बारा हे माप धरतात. ३० सेंटिमीटरचं ताट अडीच सेंटिमीटरचं होतं, २० सेंटिमीटरची पोळी पावणेदोनपेक्षा थोडी कमी. सगळं त्या मापात ठेवलं तरच ताट खरं दिसतं. एखादा मोदक जरा मोठा झाला की सगळा डाव फसतो.

अळूवडी ऐकून मला फार आनंद झाला, कारण ती या क्लेसाठीच जन्मली आहे! हिरवी पातळ पट्टी, तिच्यावर पिवळट तपकिरी पट्टी, घट्ट गुंडाळी. ती हलक्या हाताने लाटत लांबवत चार मिलिमीटरवर आणायची, फ्रीजमध्ये थोडा वेळ ठेवायची आणि धारदार ब्लेडने चकत्या पाडायच्या. प्रत्येक चकतीत तोच भोवरा. गुंडाळी बारीक केली तरी आतली नक्षी तशीच राहते, सगळी गंमत यात आहे. यालाच केन म्हणतात आणि कानातल्यांच्या वर्गात फुलांच्या चकत्या याच पद्धतीने करतात. तेव्हा बाईंना सांगा, मला केन करायला आणि बारीक करायला शिकवा. बारीक करताना दाब कुठे द्यायचा हे व्हिडिओत कळत नाही, शेजारी कुणीतरी हात धरून दाखवावं लागतं. काकडीच्या चकत्याही याच वाटेने.

भातासाठी ट्रान्सलुसंट, म्हणजे अर्धपारदर्शक क्लेमध्ये चिमूटभर पांढरी मिसळा. नुसत्या पांढऱ्याचा भात खडूसारखा दिसतो. दोऱ्यासारख्या बारीक वळ्या भाजा, मग शितांएवढे तुकडे करा, लिक्विड क्लेत (पातळ, ओतता येणारी पॉलिमर क्ले) कालवून मूद वळा आणि पुन्हा भाजा. दोनदा-तीनदा भाजलं तरी चालतं, म्हणून पदार्थ सुटे भाजून शेवटी ताटात बसवता येतात. धातूचं ताट तसंच ओव्हनमध्ये जातं. वरण म्हणजे पिवळा रंग घातलेली लिक्विड क्ले. पुरणपोळीचे डाग रंगाने काढू नका. तपकिरी सॉफ्ट पेस्टल खरवडून तिची पूड कोरड्या ब्रशने भाजण्याआधी लावा, तव्यावरचे डाग हुबेहूब येतात. मोदकाच्या कळ्या सुईने.

शाडूचा हात आहे म्हणून एक सांगते. ओल्या बोटाने गुळगुळीत करायची सवय इथे सोडावी लागेल. पाणी लावून जोड बसत नाही. कच्च्या क्लेला कच्ची क्ले दाबून बसते, भाजलेल्यावर कच्ची लावायची तर मध्ये लिक्विड क्ले.

प्रतिसाद

सांध्यांबद्दल: फिमो सॉफ्ट घ्या, प्रोफेशनल नको, ती सुरुवातीला दगडासारखी लागते. ५७ ग्रॅमची वडी अख्खी मळायची नाही, सुपारीएवढा तुकडा घेऊन पुरीच्या कणकेसारखा मळा. आधी पाकीट थोडा वेळ खिशात ठेवलं की ऊब लागून नरमते. पास्ता मशीन (क्ले रुळांतून लाटणारं यंत्र) असेल तर बाईंकडे आधीच मागून ठेवा, बोटांचे कष्ट निम्मे होतील.

अंगठ्या काढून जा, लोकरीचे किंवा गडद लवदार कपडे नकोत, पांढऱ्या क्लेत एकेक तंतू दिसतो. ओले वाइप्स न्या. लाल, हिरवी हाताळून पांढरीला हात लावायच्या आधी पुसा. आणि एक पातळ पट्टी भाजून, थंड झाल्यावर वाकवून दाखवायला सांगा. नीट भाजलेली थोडी वाकते, कमी भाजलेली कट्कन मोडते. हा अंदाज हाताला आला की घरच्या ओव्हनवर विश्वास बसतो.

धागाकर्ती

मनापासून आभार सगळ्यांचे. अळूवडीची युक्ती वाचून मी लगेच हिरवा आणि पिवळट रंग यादीत लिहिला. बाईंनाही निरोप दिलाय की केन शिकायची आहे, त्या तयार आहेत. ओटीजी छोटा घ्यायचं ठरलं, सासूबाईही खूश.

दोन शंका उरल्या. आमच्याकडे सांखेड्याचा, लाखकाम केलेला लाकडी चौरंग आहे, त्यावर क्ले ठेवून काम केलं तर चालेल? आणि इथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, उरलेली क्ले कुठे ठेवायची? मैत्रीण म्हणते, याच क्लेचा छोटा गणपतीही कर. करावा का?

प्रतिसाद

चौरंगावर नको. कच्च्या क्लेतलं प्लास्टिसायझर पॉलिश आणि लाखेचा थर मऊ करतं, डाग कायमचा राहतो. एक सुटी गुळगुळीत फरशी (टाइल) घ्या, तिच्यावरच करा आणि तशीच ओव्हनमध्ये ठेवा, वस्तू उचलताना आकार बिघडत नाही.

कच्ची क्ले झिपच्या पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये. उन्हात उभ्या गाडीत विसरली तर तिथेच अर्धवट कडक होते. खळखळ वाजणारे कडक पारदर्शक डबे टाळा, ते पॉलिस्टायरीनचे असतात आणि क्ले त्यांना चिकटून त्यांना खाते. पॉलिप्रॉपिलीनचा डबा चालतो, तळाशी त्रिकोणात ५ असतो.

गणपती शोभेचा, कायम ठेवायचा असेल तर खुशाल करा. विसर्जनाचा मात्र शाडूचाच. ही क्ले पाण्यात विरघळत नाही, ते शेवटी प्लास्टिक आहे.

आणि पापडासाठी ट्रान्सलुसंट क्ले अगदी पातळ लाटून तिच्यावर खरखरीत पॉलिश पेपर दाबा. ट्रान्सलुसंट लवकर पिवळी पडते, तेव्हा त्या ट्रेवर फॉइल विसरू नका.