लावणीच्या दिवसात गरोदर बाईला ताप: रिपोर्टसाठी थांबायचं का?

तरवा
माझी बहीण सातव्या महिन्यात होती, नको नको म्हटलं तरी दोन दिवस तरवा काढायला चिखलात उतरलीच. आठवड्याने थंडी वाजून ताप, डोळे लाल, आणि पोटऱ्यांना हातसुद्धा लावू देईना. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी लेप्टोची (उंदरांच्या लघवीमुळे चिखल-पाण्यातून होणारा ताप) टेस्ट केली, निगेटिव्ह आली, पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं. नंतर डोळे पिवळे पडले, लघवी कमी झाली तेव्हा धावपळ. दोघं वाचले, पण मला विचाराल तर कोकणात पावसाळ्यात असा ताप आला की रक्त घ्या आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन लगेच सुरू करा.

काचपट्टी
लॅबमध्ये काम करतो, मला हे पटत नाही. टेस्ट निगेटिव्ह येणारच होती कारण आयजीएम (टेस्टमध्ये शोधतात ती अँटिबॉडी) पहिल्या ४-५ दिवसात बहुतेक दिसतच नाही, ती परत करायला हवी होती. पण म्हणून आंधळेपणाने इंजेक्शन? सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने, म्हणजे त्या अँटिबायोटिक इंजेक्शनने, मलेरिया जात नाही. गरोदरपणात फॅल्सिपेरमचे, म्हणजे गंभीर मलेरियाचे जंतू वारेत (प्लासेंटात) लपतात, स्लाईड (काचेवर रक्त घेऊन केलेली तपासणी) एकदा निगेटिव्ह आली तरी परत बघावी लागते, आणि इंजेक्शन चालू आहे म्हटलं की परत कोणी बघत नाही, हे रोजचं आहे. डेंग्यूला तर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही, त्यात एनएस१ ही डेंग्यूची टेस्ट पहिल्या ५ दिवसातच करायची असते.

तरवा
अहो पण स्लाईड नको असं कुठे म्हटलं मी? मलेरियाची रॅपिड टेस्ट अर्ध्या तासात होते, तेवढं थांबू की. लेप्टोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह यायची वाट बघत दिवस घालवू नका एवढंच म्हणतेय.

वाडीतली आशा
ताई, लगेच द्या म्हणताना कुठलं ते पण लिहा हो. लावणीला आम्ही लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या वाटतो, एका घरी सुनेला ताप आला तर सासूने सासऱ्याच्या पाकिटातली काढून दिली. बाळाच्या दातांना-हाडांना धोका म्हणून ती गरोदरपणात टाळतात. डॉक्टर पेनिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन नाहीतर अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात, अ‍ॅझिथ्रो स्क्रब टायफसलाही (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप) चालतं. आणि अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक, ब्रुफेन अजिबात नको.

काचपट्टी
अजून एक. सातव्या महिन्यात पिवळे डोळे आणि प्लेटलेट कमी म्हणजे लेप्टोच असं नाही, बीपीवाल्या बायकांत हेल्प सिंड्रोमही (गरोदरपणात लिव्हर बिघडून प्लेटलेट कमी होणारा आजार) असाच दिसतो आणि त्यात बाळंतपणाचा निर्णय घ्यावा लागतो. हे वाडीतल्या दवाखान्यात होणार नाही, बीपी, लघवीतलं प्रोटीन, लिव्हर सगळं बघणारं ठिकाण पाहिजे.

तरवा
हे मान्य, बहिणीचं बीपी त्या दिवशी कोणी बघितलंच नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलात पाठवाच. पण आमच्याकडून तिथे पोचायला घाटातून दोन तास लागतात, मग स्लाईड काढून पहिला डोस द्या आणि मगच १०८ मध्ये बसवा, यावर मी ठाम आहे.