नागरिक-पत्रकारांना 'प्रेस' ओळखपत्र देण्याचा अधिकार कोणाचा?

धरमपेठकर

आमच्या भागातले काही तरुण पाणी, रस्ते आणि दवाखाने यांच्या प्रश्नांवर एक पैसाही मानधन न घेता व्हिडिओ बातम्या करतात आणि त्यांचे हे काम मला मोलाचे वाटते. मात्र त्यांतील काहींना एका संघटनेने शुल्क घेऊन दिलेले ओळखपत्र पाहून मी अस्वस्थ झालो. त्यावर लाल ठळक अक्षरांत 'प्रेस', कोपऱ्यात राजमुद्रेचे सिंह आणि मागे 'सर्व शासकीय अधिकाऱ्यांनी धारकास सहकार्य करावे' अशी ओळ आहे. राजमुद्रेच्या अनुचित वापराला २००५ च्या कायद्याने मनाई आहे आणि अधिकाऱ्यांना असे फर्मान काढण्याचा अधिकार या संघटनेला कोणीही दिलेला नाही.

जो बातमी प्रसिद्ध करतो आणि तिच्याबद्दल जाब द्यायला बांधील असतो, त्यानेच बातमीदाराला ओळखपत्र द्यावे, असे माझे मत आहे. छापील नियतकालिकाच्या प्रकाशकाची नोंद २०२३ च्या कायद्याने होते, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार डिजिटल बातम्यांच्या प्रकाशकालाही तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. जी संघटना एक ओळही प्रसिद्ध करत नाही, ती कशाच्या जोरावर कोणाची हमी घेणार?

महालकर

राजमुद्रेबाबत आपण म्हणता ते शंभर टक्के मान्य, पण पुढचा निष्कर्ष मला अजिबात पटत नाही. वृत्तपत्राला नागरिकाहून वेगळे असे कोणतेही खास अधिकार नाहीत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये संविधान सभेत निःसंदिग्धपणे सांगितले होते. पत्रकाराचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९(१)(क) मधून, म्हणजे प्रत्येक नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातूनच येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपल्या नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा गच्चीवरून चित्रण करणाऱ्या रहिवाशाने आधी प्रकाशक शोधायला हवा होता काय? प्रकाशकाच्या शिक्क्याशिवाय ओळख नाही असा नियम झाला, तर जो एकट्याने स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवतो, त्याला पोलीस पहिल्याच चौकात अडवतील.

जुना बातमीदार

दोघेही 'ओळखपत्र' या एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत आहात, म्हणून त्या वेगळ्या करतो. संस्थेचे ओळखपत्र म्हणजे हा माणूस आमच्यासाठी काम करतो एवढाच दाखला. शासनाची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून शासनाने दिलेली मान्यता, ही त्याहून निराळी बाब असून राज्यात ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आपल्या समित्यांमार्फत देते. तिच्यासोबत एसटी प्रवासासारख्या सवलती येतात, त्यामुळे ती मागेल त्याला मिळत नाही आणि मिळूही नये. तिसरी गोष्ट प्रवेशपत्राची. हिवाळी अधिवेशनात विधान भवनात कोणाला सोडायचे हे विधिमंडळ ठरवते आणि मतमोजणी केंद्रात जायचे तर निवडणूक आयोगाचे प्राधिकारपत्र लागते. अधिस्वीकृतीपत्रिका खिशात असलेल्या पत्रकारालाही ही पत्रे स्वतंत्रपणे मिळवावी लागतात. उलट यशवंत स्टेडियमवरून निघणारा मोर्चा रस्त्यावर उभे राहून टिपायला कोणाचेही पत्र लागत नाही.

महालकर

हे वर्गीकरण अचूक आहे, पण ते माझ्याच बाजूने बोलते, कारण फाटकाआड जाण्याचा प्रश्न आला की निर्णय शेवटी फाटक सांभाळणाऱ्याचाच असतो. तो निर्णय कोणत्या निकषांवर होतो, याची चर्चा आपण करायला हवी. केंद्राच्या २०२२ च्या अधिस्वीकृती मार्गदर्शक तत्त्वांत देशाचे सार्वभौमत्व, सभ्यता, नीतिमत्ता अशा व्यापक कारणांवरून अधिस्वीकृती काढून घेण्याची तरतूद आहे. जिथे पगारी पत्रकारावरही अशी टांगती तलवार आहे, तिथे स्वयंसेवकाची ओळख शासनाच्या हाती सोपवणे मला धोक्याचे वाटते.

धरमपेठकर

शासनाने ओळखपत्र द्यावे, असे मी कुठेही म्हटलेले नाही. माझी चिंता त्या तरुणांविषयी आहे. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये केलेला कायदा, ज्यांचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जे माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करतात, त्यांच्यासाठी आहे. दिवसभर दुकानात काम करून संध्याकाळी बातमी करणारा मुलगा त्या व्याख्येत बसणे कठीण. त्याला वाटते की गळ्यातले कार्ड आपले रक्षण करील, म्हणून तो वाळूच्या ट्रकांसमोर निर्धास्तपणे कॅमेरा धरतो. प्रत्यक्षात मारहाण झाली तर कार्ड देणारी संघटना वकीलही देत नाही. प्रकाशकाची अट मी याच कारणासाठी घालतो. जो एकटा वाहिनी चालवतो, तो स्वतःच प्रकाशक आहे. त्याने स्वतःचे नाव, संपर्क आणि तक्रारीची सोय वाहिनीवर उघडपणे द्यावी आणि कार्डावर 'प्रेस'ऐवजी वाहिनीचे नाव लिहावे.

महालकर

एवढीच अट असेल तर माझा विरोध बराच कमी होतो, परंतु 'प्रेस' हा शब्द सोडायला मी तयार नाही. पगार मिळतो म्हणून एकाने तो लावायचा आणि त्याच मोर्च्यात, त्याच उन्हात उभ्या असलेल्या दुसऱ्याने लावायचा नाही, हा भेद कोणत्याही कायद्यात लिहिलेला मला आढळला नाही.

जुना बातमीदार

कायद्यात नाही, हे खरे. म्हणूनच बंदोबस्तावरचा शिपाई तो भेद स्वतःच्या मनाने करतो. अधिवेशनाच्या आधी पोलीस आयुक्तालयाने आणि जिल्हा माहिती कार्यालयाने मिळून एक साधे परिपत्रक काढावे, की सार्वजनिक रस्त्यावर चित्रण करणाऱ्याकडे पत्रकार असल्याचा पुरावा मागू नये. ते निघाले, तर शुल्क घेऊन कार्डे वाटणाऱ्यांकडे जाण्याचे कारणच बऱ्याच मुलांना उरणार नाही. निवेदनाचा मसुदा मी तयार करतो. आपण दोघांनीही त्यावर सही करावी, अशी माझी विनंती आहे.