सेनापतीचा लाल क्लोक (खांद्यावरचा झगा) गुलाबी का दिसतो?

पितळी गरुड: रोमन सेनापती सीझरचा २८ मिमीचा धातूचा छोटा पुतळा रंगवतोय. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) लालचे चार हात दिले तरी क्लोक मळकाच. पांढरा मिसळून हायलाइट (उठावाचे भाग उजळ) केलं तर गुलाबी झाला. काय करू?

ओला ब्रश: लाल रंग बहुधा पारदर्शक असतो, काळं खालून डोकावणारच. क्लोकवर आधी गडद तपकिरी-लाल द्या. तो पूर्ण वाळला की दोन भाग लाल, एक भाग पाणी असे दोन पातळ हात; चुण्यांच्या खोलगटात मात्र खालचा रंग तसाच सोडा. हायलाइटला लालमध्ये नारिंगी मिसळा, पांढरा अजिबात नको. तोही फक्त खांद्यावर आणि चुण्यांच्या धारेवर.

तिसरी फळी: क्लोक जांभळाच हवा असा हट्ट नको, सेनापतीला लालही शोभतो. छातीच्या कवचावर बांधलेला पट्टा मात्र विसरू नका, अधिकारी त्यावरूनच ओळखू येतो. कवचाच्या ब्रॉन्झ रंगावर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) देताना सपाट भागात तळं साचलं तर लगेच ओलसर ब्रशने टिपा. वाळल्यावर कडेला डाग उरतो. कमरेखालच्या चामडी पट्ट्या थेट पांढऱ्या करू नका: खाकी, वॉश, मग प्रत्येक पट्टीवर हस्तिदंती रेघ.

पितळी गरुड: आणि वार्निश?

ओला ब्रश: मॅट (बिनचमकीच्या) वार्निशने धातूची चमक मरते, म्हणून कवचाचे हायलाइट वार्निशनंतर. दमट हवेत स्प्रे मारू नका, पांढुरकी साय धरते. धरलीच तर ब्रशने ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा पातळ हात द्या, बहुतेकदा जाते.