लार्पमध्ये कॅरेक्टरला येतं ते मला येत नसेल तर?

मितभाषी
मंडळी, मी इंग्लंडमध्ये शिकतेय आणि गेल्या वर्षापासून इथल्या एका लार्पला जाते (म्हणजे वेष घालून आपलं कॅरेक्टर प्रत्यक्ष वठवायचा रोल-प्लेइंग खेळ), वीकेंडभर तंबूत राहायचं, फोमच्या तलवारी, झगे, सगळं साग्रसंगीत. लढाईचं मला काही वाटत नाही, दोन फटके खायचे आणि आडवं व्हायचं. पण माझं कॅरेक्टर दरबारात बाजू मांडणारी वकील आहे, भलेभले तिला वचकून असतात असं बॅकस्टोरीत मंजूर करून घेतलंय, आणि मी दहा लोकांसमोर इंग्रजीत उभी राहिले की शब्दच सापडत नाहीत. मागच्या गेममध्ये दोन घराण्यांच्या तहाची बोलणी होती, माझी तीन वाक्यं होतायत तोवर समोरच्या एकाने अस्खलित बोलून अख्खी सभा फिरवली, आणि त्याचं कॅरेक्टर कोण तर अडाणी भालाईत! टेबलावर बसून रोल-प्लेइंग गेम खेळताना डाइस टाकून 'पटवलं' म्हणता येतं, इथे ती सोयच नाही. ढाल वापरायची तर कॅरेक्टरच्या पॉइंटांतून स्किल विकत घ्यावं लागतं, चिलखताला लागतं, मंत्राला लागतं, मग जिभेला काहीच कसं लागत नाही? हे मला खरंच खटकतंय.

तिरकमठा
लढाईतही पूर्ण न्याय नसतो गं. मी अमेरिकेत नीरोच्या पद्धतीचे गेम खेळतो (नीरो ही लार्प संस्था, १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्सला सुरू झाली), तिथे जादू म्हणजे कापडात बांधलेले पक्ष्यांना घालतात ते दाणे, ती पुरचुंडी हातात धरायची, मंत्र न अडखळता म्हणायचा आणि फेकून मारायची. नेम चुकला की मंत्र वाया, मग तुझा जादूगार शंभर वर्षं तप केलेला का असेना. मात्र लागली तर परिणाम किती होणार ते कॅरेक्टरचं. म्हणजे लागणं खेळाडूचं, मार कॅरेक्टरचा. ही वाटणी मला पटते कारण पळापळीत थांबून हिशोब करायला वेळच नसतो.
बोलण्याचा हिशोब करणारे गेम आहेत की. व्हॅम्पायर होऊन खेळतात त्या लार्पची माइंड्स आय थिएटर नावाची नियमावली, १९९३ ची, त्यात मारामारी असो की मन वळवणं, स्टोन-पेपर-सिझरवर निकाल. लाजरा माणूसही तिथे दरबार गाजवू शकतो. फक्त ऐन रंगात आलेला प्रसंग थांबवून दोघं हात हलवत बसतात ते मला तरी बघवत नाही.

राईनकाठ
जर्मनीत उलटं तत्त्व खूप चालतं, तुला जे करून दाखवता येतं ते तुला येतं, बस. पॉइंटबिंट काही नाही. वैद्य असशील तर खरी पट्टी बांध, नकली रक्त पूस, हातात चिमटा धर, आणि बघणाऱ्याला ते खरं वाटलं की जखम बरी. मला हे मनापासून आवडतं, कारण कॅरेक्टरच्या माहितीच्या शीटवर लिहिलेली हुशारी कुणालाच दिसत नाही.
पण मितभाषी, करून दाखवणं म्हणजे फाडफाड बोलणंच असं कुठंय? वकिलाचा दरारा कागदात असतो. आदल्या रात्री तंबूत बसून तहाचा मसुदा लिही, जाड कागद, खाली मेणाचा शिक्का, एक कलम मुद्दाम समोरच्याला बोचेल असं. सभेत उभं राहून फक्त 'चौथं कलम वाचा' म्हण आणि गप्प बस. भालाईत किती का बोलेना, त्याला तो कागद हातात घ्यावाच लागेल.

पैलतीर
राईनकाठ, कागदाची आयडिया झकास, तत्त्वाशी मात्र मी सहमत नाही. करून दाखवेल त्यालाच येतं म्हटलं की ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याची ती मातृभाषा आहे, जो कॉलेजात वादविवाद गाजवून आलाय तोच प्रत्येक गेममध्ये मोठा होणार, आणि परक्या भाषेत खेळणारे आपल्यासारखे जन्मभर पहारेकरी. नाटकात राजा राजा वाटतो तो बाकीचे मुजरा करतात म्हणून, लार्पमध्येही तेच. नॉर्डिक देशांतले लोक १९९७ पासून दरवर्षी क्नुटेपुंक्ट या लार्पवरच्या संमेलनाला जमून असल्याच गोष्टींवर बोलत आलेत, आणि तिकडे आता एकमेकांचं कॅरेक्टर उचलून धरणं हे खेळाडूचं कामच मानतात. तू चांगली वकील आहेस हे दाखवायची जबाबदारी तुझी एकटीची नाही, समोरच्यांचीही आहे. त्या भालाईताला एवढं बोलता येत होतं ना, मग तेच कसब वापरून 'बाई, तुमच्या मुद्द्यावर मला उत्तर सुचेना' असं छान चाचरत म्हणता आलं असतं, प्रसंग दुप्पट रंगला असता.
हे आपोआप होत नाही पण, आधी सांगावं लागतं. गेम सुरू व्हायच्या आधी तुझ्या गटाला आणि जमलं तर विरोधी गटालाही स्पष्ट सांग, मी थोडंच बोलेन, बोलले की ते वजनदार समजा. वाटल्यास खूण ठरवा, तू शिक्का टेबलावर ठेवलास की सगळ्यांनी हबकायचं. आयोजकांनाही कळव, ते एखादा एनपीसी (त्यांच्या सांगण्यावरून भूमिका करणारा) तुझ्यापुढे झुकवू शकतात, आणि एक झुकला की बाकीच्यांना अंदाज येतो.

तिरकमठा
पैलतीरला +१. एक भर, विरोधी गट ऐकेलच असं नाही, काहींना जिंकायचंच असतं. तेव्हा मसुदा हातात ठेवच.

मितभाषी
थँक्यू सगळ्यांना, खूप बरं वाटलं. विरोधी गटाला आधी सांगायचं मला सुचलंच नव्हतं, आज रात्रीच त्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकते. राईनकाठ, ते मेण साध्या मेणबत्तीचं चालतं का, की शिक्का उखडतो?

राईनकाठ
मेणबत्तीचं नको, वाळलं की तुकडे पडतात आणि गेममध्ये कागद दहा हातांतून फिरतो. ग्लू गनच्या रंगीत कांड्या मिळतात त्या घे, आणि शिक्का दाबायच्या आधी बर्फावर टेकव म्हणजे चिकटणार नाही.