मदत हवी आहे: टपरीवरच्या चहा-कॉफीचा तासागणिक खप कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी,

भावाची चहा-कॉफीची लहानशी टपरी आहे. हिशोब मी बघते. सकाळी हात रिकामा राहत नाही, मग खप एकदम पडतो, दुपारी शुकशुकाट, आणि संध्याकाळी पुन्हा गर्दी. तो एकटाच असल्यामुळे सगळा चहा आधीच उकळून किटलीत भरून ठेवतो. दुपारी उरलेला ओतून द्यावा लागतो. दुधाचा तो पांढरट ओघळ मोरीत जाताना बघवत नाही. उलट संध्याकाळी कधीकधी चहा संपतो आणि आलेलं गिऱ्हाईक परत जातं.

महिनाभर वहीत दर पंधरा मिनिटांना किती कप गेले, याच्या उभ्या रेघा मारतोय. पण आकडे रोज वेगळेच येतात. एका मंगळवारी ज्या वेळेला चांगला खप होता, त्याच वेळेला पुढच्या मंगळवारी निम्मासुद्धा नाही. यातून कधी किती टाकायचा, हे कसं ठरवू?

प्रतिसाद १
ताई, पंधरा मिनिटं फार लहान पडतात. माणसं आपापली, सुटी सुटी येत असतील तर सरासरीच्या वर्गमुळाएवढा चढउतार नुसत्या योगायोगानं होतो. म्हणजे सरासरी ९ कप असेल तर ६ किंवा १२ गेले म्हणून काही बदललंय असं समजू नका. घोळक्यानं येत असतील तर फरक आणखी मोठा. अर्ध्या किंवा एका तासाचे आकडे एकत्र करा. सुट्टीचे दिवस वेगळे काढा, आणि पाऊस-थंडीसाठी एक रकाना ठेवा.

प्रतिसाद २
मी बरीच वर्षं गाडा चालवलाय, म्हणून सांगतो. चहा कितीला संपला ती वेळ लिहिता का? संपल्यानंतर वहीत शून्यच येणार, पण माणसं तर येतच होती. विकला किती ते वहीत दिसतं, मागणी किती होती ते दिसत नाही. अशा आकड्यांवरून उद्याचा चहा टाकलात तर रोज कमीच पडेल. परत गेलेल्यांसाठी वेगळी खूण करा, फुली चालेल.

दुसरं म्हणजे दुपारचा चहा प्यायलात का कधी? पत्ती न गाळता गरम ठेवला तर त्यातलं टॅनिन उतरत राहतं आणि चहा कडवट, तुरट होतो. दुपारी माणसं नाहीत म्हणून चहा उरतो, की शिळा चहा नको म्हणून माणसं येत नाहीत, हे आधी बघा. आठवडाभर दुपारी दोन-चार कपांचं आधण ठेवून ताजाच द्या.

मी (धागा काढणारी)
दोघांचे मनापासून आभार. वही उघडून पाहिली. संध्याकाळच्या ज्या तासाला आम्ही 'मंदी' म्हणत होतो, तिथे बऱ्याच दिवशी किटलीच रिकामी होती! भावाला विचारलं तर म्हणाला, "हो, तेव्हा मी भांडी घासायला घेतो."

पत्तीही तो किटलीतच राहू देतो. उद्यापासून गाळून भरणार आणि दुपारी लहान पातेलं.

एक राहिलं. कॉफीचा खप चहाच्या बराच आधी थांबतो. हे सगळीकडे असंच असतं का?

प्रतिसाद १
झोप उडेल म्हणून पुष्कळ जण संध्याकाळी कॉफी टाळतात. अंगातलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण ५ तास लागतात. तरी कॉफीच्या रेघा वेगळ्या पानावर मारा आणि पंधरा दिवसांनी इथे टाका, एकत्र बघू.