इंडोनेशियात तुमचे पाय कुठे थांबले? नागपूरकरांनो, अनुभव सांगा

गेल्या दोन वर्षांत आमच्या अभ्यंकरनगरातली पाच घरं इंडोनेशियाला जाऊन आली आणि पाचही घरांचे फोटो सारखेच. बालीतला झोका, तरंगता नाश्ता, उलुवातूचा सूर्यास्त. बाली सुंदर आहे, त्यात वादच नाही. पण सतरा हजारांवर बेटांचा देश आहे तो! म्हणून म्हटलं, इथून जे जे गेले त्यांना विचारावं. हॉटेलं आणि दर नंतर बघू, आधी सांगा की तिथं तुमचे पाय कुठे थांबले. सुरुवात मी करते.

मी आईला घेऊन बोरोबुदूरला गेले. आई एकाहत्तरची. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना जेवण वाढण्यात तिची कितीतरी वर्षं गेली. जावा बेटावर योग्यकार्ता शहर आहे, तिथून गाडीनं तास-सव्वा तास. नवव्या शतकातला स्तूप, शैलेंद्र राजांच्या काळातला. पोचल्या पोचल्या आई दार शोधायला लागली. दारच नाही! आपल्या दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ, आपण आत जाऊन बसतो. बोरोबुदूर टेकडीवर दगड रचून केलेला, भरीव. त्याच्याभोवती फिरत फिरत वर चढायचं.

वर चढायचं तिकीट वेगळं असतं. रोज मोजक्याच लोकांना सोडतात, तेही गाइडसोबत. ते आधीच ऑनलाइन काढा, नाहीतर खालूनच बघून परत यावं लागेल. दगड झिजू नये म्हणून आपल्या चपला काढायला लावून विणलेल्या वहाणा देतात. त्यांचं नाव 'उपानत'. संस्कृतातलं उपानह्, म्हणजे आपली वहाणच की! आई ते नाव दिवसभर घोळवत होती.

भिंतींवर एकूण २,६७२ शिल्पपट आहेत. त्यातले १२० पट बुद्धचरित्राचे, पहिल्याच सज्जात. स्तूप उजव्या हाताला ठेवून चालत राहिलं की गोष्ट क्रमानं पुढे सरकते. एका पटापुढे आई थांबली. बुद्धांची माता महामाया निजलेली, भोवती दासी, आणि स्वप्नात वरून हत्ती उतरतोय. गाइड इंग्रजीत सांगायला लागला तर आईनं हात वर केला. "मले माहीत आहे बाबू," म्हणाली, आणि पूर्ण स्वप्न तिनं त्याला मराठीतून सांगितलं. तो पोरगा हात जोडून ऐकत उभा. त्याला एक शब्द कळला नसेल, पण मध्ये बोलला नाही.

वरच्या गोल गच्च्यांवर ७२ जाळीदार स्तूप आहेत. जाळीला डोळा लावला की आत बसलेले बुद्ध दिसतात. आई तिथं अर्धा तास बसली. वेळ संपली म्हणून उठावं लागलं. सकाळचीच वेळ घ्या, दुपारी दगड तापतात.

सदरहून

आम्ही ब्रोमोला गेलो होतो, पूर्व जावात. जिवंत ज्वालामुखी, उंची २,३२९ मीटर. आपण इथून मे महिन्यात निघतो, डोक्यात नागपूरचं ऊन, म्हणून बॅगेत सगळे सुती कपडे. रात्री अडीचला जीपमध्ये बसलो तेव्हा दात वाजत होते. वर जॅकेट भाड्यानं मिळतं, पण घरून स्वेटर, कानटोपी न्याच. पेनांजाकान नावाच्या ठिकाणावरून सूर्योदय बघतात. आधी अंधारात नुसता धुक्याचा समुद्र, मग एकेक शिखर वर येतं, आणि मागे सेमेरू हा दुसरा ज्वालामुखी धूर सोडत असतो.

मला त्याहून आवडलं ते खालचं राखाडी वाळूचं मैदान. त्याच्या मधोमध एक मंदिर, पुरा लुहुर पोतेन. आसपासचे तेंग्गेर लोक हिंदू आहेत. कसादाच्या सणाला ते भाजीपाला, कोंबड्या, बकऱ्या विवरात अर्पण करतात आणि काही लोक आतल्या उतारावर जाळी धरून ते झेलायला उभे असतात. आम्ही सणाला नव्हतो. पण पायऱ्या चढून विवराच्या काठावर उभे राहिलो आणि खालून जो घरघर आवाज आला तो अजून कानात आहे. गंधकाच्या वासानं खोकला येतो, मास्क ठेवा. दमा असेल तर वर जाऊ नका. आणि निघण्याआधी ज्वालामुखीचा इशारा कोणत्या पातळीवर आहे ते बघा, कधीकधी रस्ताच बंद असतो.

मनीषनगरहून

शाकाहाऱ्यांसाठी एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. 'तान्पा दागिंग' म्हणजे मांस नको, 'तान्पा तेलुर' म्हणजे अंडं नको. एवढं पाठ केलं तरी पुरत नाही, कारण तिथल्या बऱ्याच सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, 'तेरासी' असते, वाळवलेल्या कोळंबीचं वाटण. म्हणून 'तान्पा तेरासी' हेही सांगा. मला तिसऱ्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं. तेम्पे मात्र पोटभर खा. सोयाबीन आंबवून केलेली वडी, तळली की खमंग लागते. गाडोगाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांची थाळी, तिच्यावरचा शेंगदाण्याचा रस्सा आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो, पण वरचं उकडलेलं अंडं काढायला सांगा. त्या रश्श्यातही तेरासी असू शकते, तेव्हा विचारूनच घ्या.

प्रतापनगरहून

धागा बालीच्या बाहेरचा असला तरी बालीचंच सांगते, कारण तसा दिवस मी दुसरा पाहिला नाही.

२२ मार्च २०२३, आपला गुढीपाडवा. त्याच दिवशी बालीत 'न्येपी' होता, त्यांचं नववर्ष. एजंटनं आम्हाला हे सांगितलंच नव्हतं, त्या दिवशीची सहल आमच्या वेळापत्रकात छापलेली होती. हॉटेलवर कळलं की चोवीस तास कुणीही बाहेर पडायचं नाही. विमानतळसुद्धा बंद! दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. मोबाइलचं इंटरनेटही बंद. रस्त्यावर फक्त 'पेचालांग', म्हणजे गावचे राखणदार. आधी चिडचिड झाली, मुलं तर रडकुंडीला आली.

आदल्या संध्याकाळी बांबू-कागदाचे राक्षस, 'ओगोह-ओगोह', ढोलाच्या दणक्यात मिरवत नेले होते. मला तर मारबतीचीच आठवण झाली. आणि दुसऱ्या दिवशी एकदम शांत. हॉटेलातल्या बाईंनी सांगितलं, हे आमचं शक १९४५. मी म्हटलं, अहो आमचंही शक १९४५च! ती हसून माझ्याकडे बघतच राहिली. मी खोलीत काठीला ओढणी गुंडाळली, वर तांब्याऐवजी स्टीलचा पेला, आणि गुढी उभारली. साखर त्यांच्याच स्वयंपाकघरातून आणली. रात्री सगळ्या बेटावर काळोख. मुलांनी आकाशगंगा पहिल्यांदा बघितली ती त्या रात्री. रात्री अकरापर्यंत आम्ही अंगणात चटईवर पडून होतो.

मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपीची तारीख आधी बघा. जमलं तर मुद्दाम तोच दिवस धरा, फक्त येण्याजाण्याचं विमान त्या दिवशी ठेवू नका.

मानकापूरहून

मी जंगलवेडा, पेंच-ताडोबा किती वेळा झालं मोजलं नाही. पण तिथं आपण जिप्सीतून खाली पाय ठेवत नाही. कोमोडोत, म्हणजे महाकाय घोरपडींच्या बेटांवर, पायीच हिंडवतात! सोबत रेंजर, हातात टोकाला बेचकं असलेली लांब काठी, बस. फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजोहून बोट निघते. १९८०पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. तीन मीटरपर्यंत वाढणारी घोरपड झाडाखाली ओंडक्यासारखी पडलेली होती. पिवळट दुभंगलेली जीभ बाहेर आली, आत गेली. तिनं एक पाय उचलला, मातीत नखं घासल्याचा आवाज आला आणि आम्ही सगळे एकमेकांना चिकटलो. रेंजर म्हणाला, अंगावर ताजी जखम असेल तर आधी सांगा, रक्ताचा वास तिला लांबून येतो.

आमच्या बोटीवर माणसं अकरा आणि लाइफ जॅकेट सात होती. मी भांडलो, तेव्हा आणून दिली. बोटीत चढण्याआधी स्वतः मोजा भाऊ, पैसे देण्याआधी. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊच नका.

पुन्हा अभ्यंकरनगरहून

प्रतापनगरच्या ताई, आईला तुमची गुढी वाचून दाखवली. ती विचारते आहे, कडुनिंबाचा पाला मिळाला होता का तिथं?